तारखेची वहिवाट

जमीन एकाच्या नावावर असते, पायवाट गावाची असते. सातबाऱ्यावर नोंद असो वा नसो, ज्या बांधावरून दोन पिढ्या माणसं गेली तिथं कुणी एका सकाळी काटेरी तार ओढली की गाव जमतं. मालक कागद दाखवतो, गाव वहिवाट सांगतं. अमेरिकेत स्टॉक कार, म्हणजे दिसायला साध्या मोटारींसारख्या गाड्यांच्या शर्यतींचं पुढच्या वर्षाचं वेळापत्रक जाहीर होतं तेव्हा दरवर्षी हाच देखावा दिसतो. कागद मालकांकडे आहेत, वहिवाट प्रेक्षकांची आहे.

आधी कागद पाहू. या शर्यती भरवणाऱ्या नॅसकारच्या कप या मुख्य मालिकेत २००१पासून गुण मिळणाऱ्या वर्षाला ३६ शर्यती होतात. फेब्रुवारीच्या मध्याला डेटोना ५००, नोव्हेंबरच्या सुरुवातीला शेवट, आणि वर क्लॅश व ऑल-स्टार या दोन बिनगुणांच्या शर्यती. नॅसकार ही संस्थाच मुळात फ्रान्स कुटुंबाची. डेटोना, टॅलाडेगा, डार्लिंग्टन, मार्टिन्सव्हिल, रिचमंड, फिनिक्स हे ट्रॅक त्यांच्या घरचे. शार्लट, ब्रिस्टल, अटलांटा, टेक्सास, लास व्हेगास, सोनोमा, डोव्हर, नॉर्थ विल्क्सबरो हे स्मिथ कुटुंबाच्या स्पीडवे मोटरस्पोर्ट्सचे. पोकोनो, इंडियानापोलिस असे बाहेरचे मोजकेच. म्हणजे ३६ तारखांचं बरंचसं वाटप दोन घरांत बसून होतं आणि चाहत्याला ते वर्तमानपत्रातून कळतं.

यात ३६ हा आकडा हलत नाही, आणि सगळ्या भांडणाचं मूळ तिथं आहे. एका गावाला तारीख मिळाली की दुसऱ्या गावाची गेलीच. २०२५मध्ये मेक्सिको सिटी आलं तेव्हा रिचमंडच्या दोनातली एक शर्यत गेली. त्यामुळे ‘नवीन काहीतरी करा’ म्हणणारे आणि ‘आमच्या शर्यतीला हात लावू नका’ म्हणणारे हे दोन वेगळे गट आहेत असं मानण्यात अर्थ नाही. बहुतेकदा तो एकच माणूस असतो. नवीन त्याला हवं असतं, फक्त ते दुसऱ्याच्या वाट्यातून.

वहिवाट कशी पडते हे पाहायचं तर साउथ कॅरोलायनातलं डार्लिंग्टन पाहावं. हॅरॉल्ड ब्रॅसिंग्टन यानं शेतजमीन घेऊन तिथं ट्रॅक बांधायला काढला. जमीन विकणाऱ्या शर्मन रॅम्से याची एकच अट होती: त्याच्या मासळीच्या तळ्याला धक्का लागता कामा नये. म्हणून ट्रॅकचं एक टोक आवळून घ्यावं लागलं आणि आकार अंड्यासारखा झाला. तो आजतागायत तसाच आहे. एका टोकाला गाडी नीट वळेल अशी बसवली की दुसऱ्या टोकाला ती रुसते; दोन्हीकडे खूश राहील अशी गाडी अजून कुणाला जमलेली नाही. ४ सप्टेंबर १९५० रोजी, लेबर डेच्या सोमवारी, पहिली सदर्न ५०० झाली. ७५ गाड्या सुटल्या, सहा तासांहून जास्त वेळ लागला, आणि जिंकला जॉनी मँट्झ. त्याची प्लिमथ सगळ्यांत वेगवान नव्हती. त्यानं ट्रकचे कडक टायर लावले होते. बाकीच्यांचे टायर उन्हात फाटत गेले, त्याचे टिकले.

लेबर डे हा सप्टेंबरचा पहिला सोमवार, अमेरिकेत उन्हाळा संपल्याची खूण. पन्नासहून जास्त वर्षं तो दिवस आणि डार्लिंग्टन हे एकच होतं. आपल्याकडे जत्रेची तिथी विचारावी लागत नाही, तसं. मग २००४मध्ये ती तारीख कॅलिफोर्नियातल्या फॉन्टानाला दिली गेली. हिशेब साधा होता: लॉस एंजेलिसची प्रचंड बाजारपेठ, दोन मैलांचा रुंद आणि नवा ट्रॅक, भरपूर खुर्च्या. डार्लिंग्टनची सदर्न ५०० त्या वर्षी नोव्हेंबरात ढकलली आणि २००५पासून तिथल्या दोनातली एक शर्यत गेलीच. उरलेली मेमधल्या मदर्स डेच्या आठवड्यात, शनिवारी रात्री.

फॉन्टानाचं काय चुकलं? लॉस एंजेलिसच्या पूर्वेचं ते खोरं सप्टेंबरच्या सुरुवातीला भट्टीसारखं तापतं, आणि त्या लांब सुट्टीला तिथला माणूस समुद्राकडे पळतो. डार्लिंग्टनला त्या दिवशी दुसरं काही नसायचं. फॉन्टानाला सगळंच होतं. खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या. २००९मध्ये तारीख अटलांटाला गेली, तिथंही रुजली नाही, आणि २०१५मध्ये ती डार्लिंग्टनला परत आली. संघांनी जुन्या काळच्या रंगांत गाड्या रंगवून आणल्या. अकरा वर्षांनी तार काढली गेली. मधल्या अकरा वर्षांत चाहत्यांनी जे जे सांगितलं होतं ते जवळजवळ शब्दशः खरं ठरलं, आणि तेव्हापासून प्रत्येक बदलावर चिडलेला चाहता डार्लिंग्टनचं उदाहरण तोंडावर फेकतो. ते दर वेळी लागू पडतंच असं नाही, पण फेकायला सोपं आहे.

ही तारीख हलली त्या सुमारासच एक खटलाही गाजत होता, तो सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. टेक्सास मोटर स्पीडवेला दुसरी शर्यत मिळायला हवी, म्हणून स्मिथांच्या कंपनीच्या एका भागधारकानं नॅसकारवर दावा लावला होता. २००४मध्ये तडजोड झाली. फ्रान्स कुटुंबाच्या कंपनीनं नॉर्थ कॅरोलायनातला रॉकिंगहॅमचा ट्रॅक १० कोटी ४ लाख डॉलरला स्मिथांना विकला, टेक्सासला दुसरी तारीख मिळाली, आणि रॉकिंगहॅमचं नाव यादीतून पुसलं गेलं. तिथली शेवटची कप शर्यत २२ फेब्रुवारी २००४ची. मॅट केन्सेथनं नवख्या केसी केनला एका सेकंदाच्या शंभराव्या भागानं हरवलं. ट्रॅक चांगला होता, शर्यत उत्तम होती. पण विकत घेतली गेली ती तारीख, ट्रॅक तिच्याबरोबर आला एवढंच. ज्या दिवशी हे चाहत्यांना कळलं त्या दिवसापासून कुठलाही मालक बदलला की लोक आधी विचारतात: तारीख कुठं जाणार?

नॉर्थ विल्क्सबरोची गोष्ट याच्या आधीची आणि जास्त क्रूर. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरपायथ्याचा हा पाऊण मैलाहूनही लहान, ०.६२५ मैलाचा ट्रॅक. समोरची सरळ उताराची, मागची चढाची, कारण जमीनच तशी. १९४७पासून चालवणारे ईनॉक स्टेली १९९५मध्ये गेले. अर्धा वाटा ब्रूटन स्मिथ यांनी घेतला, उरलेला अर्धा न्यू हॅम्पशायरच्या बॉब बार यांनी. वर्षाला दोन शर्यती होत्या. भावाभावांनी वावर वाटून घ्यावं तशी एकेक वाटून घेतली. एक टेक्सासला गेली, एक न्यू हॅम्पशायरला. २९ सप्टेंबर १९९६ रोजी जेफ गॉर्डननं शेवटची शर्यत जिंकली आणि कुलूप लागलं. त्यानंतर तिथं भिंतीच्या फटींतून झाडं उगवली.

आता तारीख बदलल्यानं खुद्द शर्यत कशी बदलते, हे पाहू. कारण चाहत्यांच्या रागातला हा भाग सर्वांत शहाणा असूनही सर्वांत कमी ऐकला जातो. टीव्हीवाल्याला तारीख म्हणजे एक चौकट. ट्रॅकला तारीख म्हणजे ऊन, सावली, सूर्यास्त आणि जमिनीची उष्णता. डांबर तापलं की पकड कमी होते, गाड्या घसरतात, चालक वेगवेगळ्या वाटा शोधतात, भिंतीपर्यंत जातात. डांबर गार असलं की टायर घट्ट चिकटतात, सगळेच वेगात असतात आणि म्हणूनच कुणी कुणाला गाठू शकत नाही. घड्याळात वेग जास्त, डोळ्यांना शर्यत रटाळ. तापलेल्या दुपारची शर्यत गार रात्री हलवली की चाहते ‘पूर्वीची मजा राहिली नाही’ म्हणतात. ते आठवणींचे कढ नसतात, त्यात पदार्थविज्ञान असतं.

शार्लटची कोका-कोला ६०० हे या शास्त्राचं चालतं-बोलतं प्रात्यक्षिक. मेच्या अखेरीस रविवारी, मेमोरियल डे या सोमवारच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, सहाच्या सुमारास सुटते. दीड मैलाच्या ट्रॅकवर ४०० फेऱ्या. साडेआठच्या आसपास सूर्य मावळतो. उन्हात ‘लूज’ असलेली, म्हणजे मागची बाजू निसटणारी गाडी अंधार पडला की ‘टाइट’ होते, पुढची चाकं वळायला तयार होत नाहीत. मग पिटमध्ये, म्हणजे टायर-इंधनासाठी थांबायच्या जागेत, एक जण मागच्या काचेतल्या भोकातून लांबलचक पाना घालून स्प्रिंगवरचा दाब अर्धा आटा, एक आटा बदलतो, आणि टायरच्या हवेतही थोडी घट-वाढ करतात. जाणता संघ संध्याकाळी मुद्दाम जरा लूज गाडी सोडतो. पहिले दीड तास त्याचा चालक रेडिओवर बोंबलत असतो. दहा वाजता तोच पुढं असतो. ही शर्यत दुपारी एकला सुटली असती तर तिच्यातलं निम्मं नाटक गेलं असतं.

टायरचं गणित तर आणखी चमत्कारिक. ब्रिस्टल, टेनेसी. ०.५३३ मैलाचं काँक्रीटचं वाडगं. १७ मार्च २०२४च्या शर्यतीत तिथं रबर जमिनीला चिकटायलाच तयार होईना. एरवी काही फेऱ्यांत काळा पट्टा पडतो आणि पुढच्या टायरना तोच सांभाळतो. त्या दिवशी रबर चुऱ्यासारखं उडत राहिलं आणि पन्नासेक फेऱ्यांत टायर आतल्या धाग्यापर्यंत झिजले. नॅसकारला शर्यत चालू असताना प्रत्येक संघाला टायरचा एक जादा संच द्यावा लागला. आघाडी ५४ वेळा बदलली, डेनी हॅमलिन जिंकला. आदल्या सप्टेंबरच्या रात्री तिथं असलं काही घडलं नव्हतं. चाहत्यांत दोन तट पडले: हा गोंधळ होता की कित्येक वर्षांतली सर्वोत्तम ब्रिस्टल? माझं मत दुसऱ्या बाजूला आहे. टायर जपत, गाडी हाताळत जिंकणं हीच या खेळाची मूळ विद्या. ती अपघातानं परत आली म्हणून नाक कशाला मुरडायचं?

त्याच ब्रिस्टलला आधीची तीन वर्षं वसंतातली शर्यत मातीवर झाली होती. २०२१मध्ये काँक्रीटवर सुमारे २,३०० ट्रक माती ओतली. कल्पना कागदावर झकास: कप गाड्या मातीवर १९७०नंतर धावल्याच नव्हत्या. बिघडलं कुठं, ते मातीतल्या माणसांनी आधीच सांगितलं होतं. खऱ्या मातीच्या गाड्यांना पुढची काच नसते. चालक हेल्मेटवरचे पातळ थर एकेक फाडत जातो. कप गाडीला पूर्ण काच आणि पुढं जाळी. ओली माती काचेवर थापली गेली की दिसत नाही, जाळीत भरली की इंजिन तापतं. शनिवारी नॅसकारच्या पिकअप ट्रक मालिकेतल्या एका प्राथमिक शर्यतीत हेच झालं आणि ती थांबवावी लागली. रविवारी मुसळधार पाऊस, पूर. सोमवारी, २९ मार्चला, ऊन पडलं तर आता माती सुकली आणि धूळ उठली. शेवटी शेवटी जोडीनं सुरुवात करणं सोडून एकामागे एक गाड्या सोडाव्या लागल्या, कारण मागच्याला पुढचा दिसेना. माती उन्हात ओल धरत नाही, म्हणून पुढच्या वर्षापासून ती रात्री ठेवली. पण रात्र मिळाली ती ईस्टरच्या रविवारची, आणि ईस्टर हा दक्षिणेत घरी जेवायला बसण्याचा दिवस. एक दुरुस्ती करताना दुसरी वहिवाट मोडली. २०२४ला माती गेली, तेव्हा जल्लोष करणाऱ्यांत तेही होते जे २०२०मध्ये मातीसाठी आग्रह धरत होते. त्यांना दोष देता येत नाही. त्यांनी माती मागितली होती, चिखलात काच नव्हती मागितली.

थंडीचं एक छोटं उदाहरण पुरे. २०१८च्या मार्चमध्ये मार्टिन्सव्हिलला बर्फ पडला. रविवारची शर्यत सोमवारी झाली. वसंतातली तारीख लवकर घेतली की कधीतरी असं बिल येणारच.

पावसाचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण चार जुलैचा सगळा वाद त्याच्याशी बांधलेला आहे. १९५९पासून डेटोनाला स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास शर्यत व्हायची, आणि जुन्या काळी ती सकाळी सुटायची. कारण फ्लोरिडात उन्हाळ्याची दुपार म्हणजे ठरलेला गडगडाट. समुद्रावरचे वारे आत येतात, ढग बांधतात आणि तीन-चारच्या सुमारास कोसळतात. सकाळी सुटली की दुपारी जेवायच्या वेळेला शर्यत संपलेली, आणि कुटुंब समुद्रावर. १९८४ला याच दिवशी रिचर्ड पेटीनं २००वा विजय मिळवला, राष्ट्राध्यक्ष रेगन हजर होते. १९९८मध्ये ट्रॅकला दिवे लावून शर्यत रात्री न्यायचं ठरलं. नेमके त्या वर्षी फ्लोरिडात वणवे पेटले आणि ती ऑक्टोबरात घ्यावी लागली. रात्र ठरल्यापासून पाऊस दुपारी पडून जातो, पण ट्रॅक सुकवायला जो वेळ लागतो तो थेट सुरुवातीच्या वेळेत घुसतो. अडीच मैलांचा ट्रॅक सुकवायला तास-दोन तास सहज जातात, अर्ध्या मैलाचा बराच लवकर उरकतो.

२०२०मध्ये डेटोनाची ही शर्यत ऑगस्टच्या अखेरीस, नियमित हंगामाच्या शेवटी नेली. नाट्य म्हणून निर्णय उत्तम: विजेतेपदाच्या अंतिम टप्प्यात शिरायची शेवटची संधी आणि ट्रॅक असा की जिथं कुणीही जिंकू शकतो. पण ऑगस्टात पाऊस जुलैहून कमी नसतो. २०२२ची शर्यत शनिवारवरून रविवारवर गेली आणि तिथंही अचानक सर येऊन आघाडीच्या गाड्यांचा ढीग झाला. ऑस्टिन डिलन त्यातून वाट काढून जिंकला. इकडे मोकळ्या झालेल्या चार जुलैला कूळ टिकेना. २०२०ला इंडियानापोलिस, नंतर दोन वर्षं विस्कॉन्सिनचं रोड अमेरिका, मग तीन वर्षं शिकागोचे रस्ते, २०२६ला शिकागोजवळच्या जोलिएटचा शिकागोलँड ट्रॅक. सात वर्षांत चार कुळं. रोड अमेरिकाला लोक रानात तंबू ठोकून आठवडाभर राहिले, त्यांना वाटलं ही आता आपली तारीख. दोन वर्षांत ती गेली. शिकागोच्या रस्त्यांवरची पहिली शर्यत २ जुलै २०२३ला पावसात झाली, फेऱ्या कमी कराव्या लागल्या, आणि न्यूझीलंडचा शेन व्हॅन गिसबर्गन पहिल्याच कप शर्यतीत जिंकला. तिथली अनेक तिकिटं अशा लोकांनी घेतली ज्यांनी आयुष्यात स्टॉक कार पाहिली नव्हती. नॅसकारला हवं होतं तेच. पण नवा प्रेक्षक तीन वर्षांनी परत येईल का, हे कळायच्या आत शर्यतच उठली.

हे इतक्या वेगानं का होऊ लागलं? २०१६ ते २०२० या काळात ट्रॅकशी पाच-पाच वर्षांचे करार होते, तोवर यादी गोठलेली होती. चाहते कंटाळले होते आणि तसं म्हणतही होते: दीड मैलाचे एकसारखे ट्रॅक फार झाले, रस्त्यावरचे ट्रॅक वाढवा, लहान ट्रॅक वाढवा. करार संपले आणि २०२१मध्ये बांध फुटला. ब्रिस्टलची माती, टेक्सासमधलं ऑस्टिन, रोड अमेरिका, नॅशव्हिल, इंडियानापोलिसचा आतला रस्ता. वळणावळणाच्या ट्रॅकवर एका वर्षात सात शर्यती. शिकागोलँड आणि केंटकी पूर्ण गेले, टेक्सास, मिशिगन, डोव्हर यांची एकेक गेली. मग दोन-तीन वर्षांत तक्रार उलटी झाली: वळणाचे ट्रॅक फार झाले. इंडियानापोलिस २०२४ला परत अंडाकृतीवर आलं. शार्लटची शरदातली शर्यत २०१८पासून अर्धी ओव्हल, म्हणजे अंडाकृती ट्रॅकवर, अर्धी आतल्या रस्त्यावर होती. २०२६च्या यादीत तीही ओव्हलवर आली.

संघांचा विचार या भांडणात कुणी करत नाही, तो थोडा करू. बहुतेक संघांच्या कार्यशाळा शार्लटच्या आसपास, मूर्सव्हिल, काँकर्ड, हंटर्सव्हिल इथं आहेत. गाड्या ट्रकमधून रस्त्यानं जातात. सोनोमा म्हणजे एका बाजूनं सुमारे साडेचार हजार किलोमीटर. दोन चालक आळीपाळीनं चालवतात, रविवारी रात्री परत फिरतात, कार्यशाळेत गाडी उतरवतात, दुसरी चढवतात. म्हणून पश्चिमेच्या शर्यती एका रांगेत असल्या तर कामगारांना श्वास मिळतो. २०२६ला सॅन दिएगोच्या नौदल तळावरची नवी शर्यत आणि सोनोमा लागोपाठ ठेवल्या आहेत त्यात हा शहाणपणा दिसतो. २०२०च्या मेमध्ये साथीनंतर पहिली शर्यत डार्लिंग्टनला घेतली ती याच कारणानं: कार्यशाळेपासून जाऊन-येऊन एका दिवसात उरकतं, हॉटेलात राहावं लागत नाही.

प्रेक्षकाची व्यवस्था याहून गुंतागुंतीची असते, आणि तारीख हलली की नेमकं काय मोडतं ते तिच्यात दिसतं. ट्रॅकच्या आत किंवा बाजूला गाडी-घर लावायची जागा वर्षानुवर्षं त्याच कुटुंबाकडे असते. पुढच्या वर्षासाठी ती राखायची मुदत अनेक ठिकाणी शर्यतीच्या आठवड्यातच सुरू होते, म्हणजे पुढची तारीख जाहीर व्हायच्या कितीतरी आधी. शेजारच्या जागेवरची माणसं वर्षातून एकदाच भेटतात. हॉटेलं त्या दिवसांत किमान दोन-तीन रात्रींशिवाय खोली देत नाहीत. दक्षिणेत शाळा ऑगस्टमध्येच सुरू होतात, उत्तरेत लेबर डेनंतर. ब्रिस्टलची रात्रीची शर्यत २०२०ला ऑगस्टातून सप्टेंबरात गेली तेव्हा शाळकरी पोरं असलेल्या कितीतरी कुटुंबांचा मेळ तुटला, आणि शिवाय समोर अमेरिकन फुटबॉल उभं राहिलं. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात स्टॉक कारच्या सर्वांत महत्त्वाच्या शर्यती रविवारी दुपारी त्याच वेळी असतात जेव्हा अर्धा देश फुटबॉल पाहत असतो. यावर ‘हंगाम लेबर डेलाच संपवा’ ही मागणी जुनी आहे. ती मान्य करायची तर २९-३० आठवड्यांत ३६ शर्यती बसवायच्या, म्हणजे आठवड्याच्या मध्ये शर्यती घ्यायच्या. २०२०ला तशा घेतल्या. बुधवारी रात्री टीव्हीसमोर फारसं कुणी नव्हतं.

नवं वेळापत्रक हातात आलं की जाणता चाहता तारखेआधी तीन गोष्टी पाहतो. पहिली, ट्रॅकला दिवे आहेत का. पोकोनो, मिशिगन, टॅलाडेगा, न्यू हॅम्पशायर, डोव्हर, वॉटकिन्स ग्लेन, सोनोमा इथं नाहीत. तिथं शर्यत दुपारी तीनला ठेवली आणि तासभर पाऊस आला की सोमवार उजाडलाच. अर्धी शर्यत किंवा तिच्या ठरलेल्या टप्प्यांपैकी दुसरा पूर्ण झाला तर निकाल लागतो, नाहीतर रजा वाढवायची. दुसरी, सूर्यास्त आणि सुरुवात यांत किती तास आहेत. तिसरी, वाहिनी. २०२५पासून सात वर्षांचा ७७० कोटी डॉलरचा करार चालू आहे: फॉक्सकडे १२ गुणांच्या शर्यती, मग ॲमेझॉनच्या प्राइमवर पाच, टीएनटीवर पाच, एनबीसीकडे शेवटच्या १४. रविवारी एकला सुटणाऱ्या शर्यती तीनला सरकल्या त्या पश्चिमेच्या प्रेक्षकासाठी. पूर्वेच्या माणसाला त्यामुळे अंधारात तीनशे किलोमीटर गाडी हाकत घरी जावं लागतं. भारतातून पाहणाऱ्याला उन्हाळ्यातले तीन म्हणजे रात्रीचे साडेबारा आणि फेब्रुवारीतली डेटोना ५०० म्हणजे सोमवारी पहाटेचा एक. शार्लटच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना मात्र मेमोरियल डेच्या रविवारी शर्यत बघायची नसली तरी आय-८५वरची रांग बघावीच लागते.

या सगळ्या पार्श्वभूमीवर नॉर्थ विल्क्सबरोचं परतणं विलक्षण आहे. २०१९च्या डिसेंबरात माजी कप चालक डेल अर्नहार्ट ज्युनियर यांनी पुढाकार घेऊन झाडोरा काढून ट्रॅक साफ केला, तोही खरी शर्यत भरवायला नाही, तर संगणकावरच्या खेळासाठी त्याचं मोजमाप घेता यावं म्हणून. नंतर राज्यानं केंद्राच्या मदतनिधीतून १ कोटी ८० लाख डॉलर दिले. २०२३ला १९८१च्या जुन्या, भेगाळलेल्या डांबरावरच ऑल-स्टार शर्यत झाली. त्यानंतर नवं डांबर टाकावं लागलं आणि लगेच कुरकुर सुरू झाली, कारण ताजं डांबर चिकट असतं, टायर झिजवत नाही. कुरकुर रास्त होती. पण २६ वर्षं ज्यांनी ‘नॉर्थ विल्क्सबरो वाचवा’ म्हटलं त्यांच्या तोंडून ती ऐकताना हसू येतं.

२०२६च्या यादीत १९ जुलै ही तारीख नॉर्थ विल्क्सबरोला मिळाली: १९९६नंतरची पहिली गुणांची शर्यत. आणि ३६ हा आकडा हलत नसल्यानं ती कुणाच्या तरी वावरातून आली. ते वावर डोव्हरचं. १९६९पासून तिथं दरवर्षी गुणांची शर्यत होत आली होती. एक मैल, पूर्ण काँक्रीट, वळणांचा आडवा उतार एकदम उभा, ‘मॉन्स्टर माइल’. १९७१पासून वर्षाला दोन, २०२१पासून एक, २०२६ला एकही नाही. दोन्ही ट्रॅक स्मिथांचेच, त्यामुळे हा घरातल्या घरात केलेला फेरफार. डोव्हरला बदल्यात ऑल-स्टार दिली, १७ मेला. विजेत्याला दहा लाख डॉलर, गुण शून्य.

ऑल-स्टार म्हणजे मुळात रात्रीचा तमाशा. १९९२मध्ये शार्लटला दिवे लावले ते याच शर्यतीसाठी, आणि ठिणग्या उडताना दिसाव्यात म्हणून चाहत्यांनी ती रात्रीचीच धरून ठेवली. डोव्हरला दिवे नाहीत. म्हणजे ती दुपारीच, काँक्रीटवर, आणि पाऊस आला तर सोमवारी. २०२३ला तिथली शर्यत अशीच एक मेच्या सोमवारी झाली होती, तेव्हा निदान गुण तरी होते.